पणजीचा फोटो कधीचा? कपडे, केस, दागिने बघून जुना फोटो कसा ओळखायचा

मागच्या उन्हाळ्यात कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घराचे पत्रे बदलायचे होते म्हणून माळा रिकामा केला, तर एका ट्रंकेत इरकलीच्या घडीखाली सत्तरेक फोटो निघाले. मागं ना नाव ना साल. एक फोटो बघून आई म्हणाली ही तुझी पणजी, आत्या म्हणाली छे, ही थोरली काकू, आणि दोघी अर्धा तास त्याच्यावरच. तेव्हापासनं मला हा नाद लागलाय. आता ओळखीतली माणसं आपापले फोटो पिशवीत घालून घेऊन येतात आणि विचारतात हा कधीचा असेल गं, म्हणून म्हटलं कसं बघायचं ते एकदा नीट लिहून काढावं. कपडे, केस आणि कागद तिन्ही जुळवून बघितलं तर साधारण दहा वर्षांच्या आतबाहेर काळ सापडतो, आणि सापडता सापडता आपल्याच घरातल्या बायकामाणसांना त्या काळी काय देखणं वाटायचं ते पण कळत जातं.

आधी हात धुवून कोरडे करा आणि फोटो कडेनं धरा. मागं बॉलपेननं काही लिहू नका, शाई पुढं उमटते, मऊ पेन्सिलनं हलकं लिहायचं. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो अडकला असेल, ८०-९० सालातले ते प्लॅस्टिकचा पडदा असलेले अल्बम सगळ्यांकडं असतात, तर ओढू नका, शिवायचा दोरा ताणून धरून फोटोच्या खालनं करवतीसारखा हळूहळू फिरवा. मग खिडकीजवळ, थेट ऊन येणार नाही अशा जागी, फ्लॅश बंद करून फोनवर पुढचा आणि मागचा दोन्ही बाजूंचा फोटो काढा. मागची बाजू लोक सोडून देतात आणि तिथंच अर्धी माहिती असते, स्टुडिओचा शिक्का, कुणाचं तरी अर्धं पुसलेलं अक्षर.

कपडे बघायच्या आधी कागद बघा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो, खाली स्टुडिओचं नाव ठशानं उठवलेलं, असा असेल तर तो बहुतेक १९२५-३० च्या आधीचा. मागं पोस्टकार्डासारख्या रेघा असतील तर साधारण १९१० ते ४० मधला. कडा नागमोडी कातरलेल्या असतील तर ४० ते ६० च्या दशकातला. रंगीत फोटो साध्या घरांत यायला ८० चं दशक उजाडलं, आणि कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख असेल तर त्याच्याही नंतरचा, फक्त त्या तारखेवर डोळे झाकून विश्वास नको, कॅमेऱ्यात तारीख लावायचा कंटाळा सगळ्यांनीच केलेला असतो.

आता कपडे. इथं सगळ्यात मोठी चूक अशी होते की फोटोतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडं बघून आपण काळ ठरवतो. तसं करू नका. बाई पस्तिशी-चाळिशीत जे नेसते तेच पुढं आयुष्यभर नेसते, माझी आज्जी २००५ साली गेली तोवर नऊवारीच नेसायची. म्हणून फोटोतली सगळ्यात तरुण सून शोधा, लग्न होऊन दोन-चार वर्षं झालेली. काळाची खूण तिच्या अंगावर असते.

नुसतं नऊवारी दिसलं म्हणजे फोटो लई जुना असं नसतं, आपल्याकडं गडहिंग्लज, कागल, पन्हाळ्याच्या बाजूला नव्वदीपर्यंत रानात, बाजारात, जोतिबाच्या यात्रेत लुगडंच होतं. पण एकाच फोटोत सासू नऊवारीत आणि सून गोल साडीत असं असेल तर तो बदलाच्या काळातला फोटो आहे. शिकलेल्या, शहरातल्या घरांत हे १९३० च्या आसपास दिसायला लागतं आणि पेठेतल्या साध्या घरांत ५०-६० च्या दशकात. ही गोल साडी काही आपली मूळची नव्हे. पुढं निऱ्या, पदर खांद्यावर, आत परकर आणि वर शिवलेला ब्लाऊज हे सगळं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रुळत गेलं, त्यात मुंबईच्या पारशी बायकांचा आणि बंगालच्या टागोरांच्या घरातल्या ज्ञानदानंदिनी देवींचा मोठा हात होता. आणि नऊवारीला देवीचा मान मिळाला तो राजा रविवर्म्याच्या चित्रांनी. १८९४ साली त्यानं मुंबईत छापखाना काढला आणि तिथनं छापून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरातल्या भिंतीवर गेल्या. आमच्या देवघरात अजून तसली एक लक्ष्मी आहे, काच तडकलेली.

लुगडं कुठपर्यंत आलंय तेही बघा. कुणाचं गुडघ्याच्या जरा खाली थांबतं, कुणाचं घोट्यापर्यंत. शेतात राबणाऱ्या बाईनं सोयीसाठी वर खोचलेलं असतं हे खरंच, पण हा जातीचाही भाग होता. अंगभर नेसायची, सोनं घालायची, पायात चप्पल घालून गावातनं जायची मुभा सगळ्यांना नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दलित बायकांसमोर वेगळं भाषण केलं, त्यात लुगडं इतर बायकांसारखं घोट्यापर्यंत नेसा आणि जातीची खूण सांगणारे ते जाडजूड दागिने टाकून द्या असं सांगितलं, आणि बायकांनी लगेच नेसणं बदललं. म्हणून एखाद्या घरातल्या १९२० च्या आणि १९३५ च्या फोटोत नेसणं एकदम बदललेलं दिसलं तर ती हौस म्हणून सोडून देऊ नका, त्या घरात कुणी सभेला गेलं होतं का ते विचारा. मला एकानं असे दोन फोटो दाखवले होते, एकाच बाईचे. दुसऱ्या फोटोत ती खुर्चीवर बसलीय, पायात चपला आहेत आणि पाय मुद्दाम पुढं काढलेत. मी तो फोटो किती वेळ हातात धरून होते काय सांगू.

बाही ही माझी सगळ्यात आवडती खूण. पुढं गाठ मारलेली चोळी आणि तिच्या बाहीला खणाचा काठ दिसत असेल तर ती जुनी पद्धत, पण खेड्यात ती पुढंही बरीच चालली. मग आलं पोलकं. कोपरापर्यंत बाही, गळ्याला लेस किंवा छोटी कॉलर आणि खांद्यावर फुगा, हा फुगा थेट इंग्लंडातनं आलेला. तिकडं १८९५ च्या सुमाराला बायकांच्या झग्यांना उशीएवढे फुगे असायचे आणि कमर कॉर्सेटनं आवळलेली. आपल्या बायकांनी कॉर्सेट काही घेतला नाही, फुगा तेवढा घेतला, आणि तो इथं उशिरा पोचून उशिरापर्यंत राहिला. म्हणून असलं पोलकं दिसलं तर १९०० ते १९४० असं मोठंच अंतर धरावं लागतं. फुगा परत आला ८० च्या दशकात पण तेव्हा बाही आखूड, दंडाच्या अर्ध्यावर, त्यामुळं गोंधळ होत नाही. मधल्या ६० च्या दशकात बाही आखूड आणि दंडाला चिकटलेली, ७० मध्ये एकतर बाहीच नाही नाहीतर पार कोपरापर्यंत.

कापड पण बोलतं. सुती लुगड्याला बसल्यावर मांडीवर बारीक चुण्या पडतात, फोटोत त्या स्पष्ट दिसतात. नायलॉन आणि टेरिलीन आलं की साडी पारदर्शक, हलकी आणि घडी एकदम कडक दिसते. नायलॉन जगाला कळलं १९३८ साली आणि टेरिलीनचा शोध लागला १९४१ चा, आपल्या पेठेत पोचायला ६० चं दशक. इचलकरंजी एवढी जवळ, तिथं १९०४ पासनं यंत्रमाग चालतोय, सुती कापडाला तोटा नव्हता, तरी आमच्या आज्जीची जाऊ लग्नात नायलॉनची साडी मिळाली म्हणून महिनाभर सगळ्यांना दाखवत होती, कारण धुतली की वाळते, इस्त्री लागत नाही. फॅशन म्हणजे नुसता नखरा असं ज्यांना वाटतं त्यांनी पंचगंगेवर नऊवार ओलं सुती लुगडं एकदा पिळून बघावं.

केसांवरनं साल जास्त नेमकं सापडतं कारण केस फुकट बदलता येतात. तेल लावून चापून बसवलेला मधला भांग आणि मागं खोपा किंवा आंबाडा हे जुनं. १९६० साली साधना ही नटी पडद्यावर आली, कपाळावर कापलेल्या केसांची झालर घेऊन, आणि साधना कट गावोगाव गेला, तेव्हा कपाळावर झालर असलेली तरुण मुलगी दिसली की बहुतेक १९६० नंतरचा फोटो. त्याच दशकात केस मागनं विंचरून वर फुगा काढायचे आणि आंबाड्यात गंगावन भरायचे. ८० मध्ये डायना कट, इंग्लंडच्या राजकुमारी डायनासारखे आखूड केस. शाळेतल्या पोरींच्या दोन वेण्या आणि रिबिनी मात्र सोडून द्या, त्या काही बदलल्याच नाहीत.

कुंकू बघायला भिंग लागतं, फोनवर फोटो मोठा केला तरी चालतं. आज्जीची फणेरपेटी माझ्याकडं आहे, सागवानी, वीतभर लांब, झाकण उचललं की आतला आरसा तिरका उभा राहतो, खाली कप्पे, एकात फणी, एकात मेणाचं करंडं, एकात कुंकवाचं. मेणाला अजून आज्जीच्या बोटाचा खळगा आहे. आधी बोटानं मेण लावायचं आणि त्यावर कोरडं कुंकू, त्यामुळं कडा जरा मऊ, धूसर येते. टिकलीची कडा कातरल्यासारखी असते. कपाळावर मेणाचं कुंकू की टिकली एवढ्यावरनं मी एका घरातल्या दोन बहिणींचे फोटो वेगळे काढून दिलेत.

दागिन्यांवरनं साल काढायला जाऊ नका, फसाल. दागिना पिढ्यान् पिढ्या तोच असतो. पण माणूस ओळखायला दागिन्यासारखं दुसरं काही नाही. कोल्हापुरी साज जुन्या पद्धतीचा असेल तर २१ पानांचा, त्यात दशावताराची १०, अष्टमंगळाची ८, माणिक आणि पाचूचं एकेक पान आणि एक डोरलं. प्रत्येक घरच्या साजाला काहीतरी खोड असते, एखादं पान मोडून बदललेलं, एखादा मणी मोठा. आमच्या साजातला मासा उलट्या तोंडाचा आहे, गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, कधीतरी पान बसवताना उलटं बसलं आणि तसंच राहिलं. तो मासा मला तीन फोटोंत सापडला, तीन वेगवेगळ्या बायकांच्या गळ्यात, आणि त्यावरनं आई आणि आत्याचं भांडण मिटलं, कारण थोरल्या काकूकडं साज कधी गेलाच नव्हता. ६० च्या दशकातल्या लग्नाच्या फोटोत नवरीच्या अंगावर सोनं कमी किंवा जुन्याच घडणीचं दिसलं तर घरची गरिबी समजू नका. १९६३ साली सरकारनं १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी घातली होती, चीनच्या युद्धानंतर परदेशी चलन वाचवायला, आणि त्यात सोनारांचे हाल झाले.

पुरुषांचं पटकन सांगते. डोकं बघा. फेटा किंवा पागोटं, मग काळी टोपी, १९२० नंतर गांधी टोपी, आणि उघडं डोकं म्हणजे बहुतेक ५० नंतरचा तरुण. धोतरावर कोट म्हणजे कचेरीतला किंवा शाळामास्तर. लांब कल्ले, रुंद कॉलर, बेलबॉटम म्हणजे ७० चं दशक, यात चूक होत नाही. चपलेवरनं मात्र काही कळत नाही, कापशीची कोल्हापुरी चप्पल शंभर वर्षांपूर्वी जशी दिसायची तशीच आज दिसते, इतकी की २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानमध्ये तसलीच चप्पल रॅम्पवर आणली तर इथल्या शेंबड्या पोरानं पण ओळखली.

पण कोल्हापुरात पुरुषाच्या देखणेपणाचं माप कपड्यात नव्हतंच, तालमीत होतं. खासबाग मैदान १९१२ चं, शाहू महाराजांनी बांधलेलं, आणि पैलवानाचा मोडलेला कान ही इथं मानाची गोष्ट. आमच्या ट्रंकेतल्या एका फोटोत चुलत आजोबा मान मुद्दाम वळवून बसलेत, सगळ्यांना वाटायचं लाजलेत, नीट बघितलं तर त्यांनी मोडलेला कान कॅमेऱ्याकडं केलाय. मान जाड, पोट सुटलेलं नाही पण भरलेलं, छाती म्हणजे दार. आज जिममध्ये पोरं पोटावर पट्ट्या दिसाव्यात म्हणून पाणी कमी पितात, ते शरीर त्या आजोबांना आजारी वाटलं असतं.

बायकांचंही तेच. आज्जीच्या तोंडात 'अंगानं भरलीय' हे कौतुक होतं आणि 'वाळकी' ही काळजी. १९९४ साली सुश्मिता सेन मिस युनिव्हर्स आणि ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड अशा एकाच वर्षी झाल्या, मी तेव्हा शाळेत होते, आणि त्याच्या पुढच्या दोन-चार वर्षांत आमच्या वर्गातल्या पोरी डबा अर्धा टाकायला लागल्या हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्याच्याही खूप आधी बायका दातवण लावून दात काळे करायच्या आणि ते देखणं दिसायचं, जपानातही काळ्या दातांची रीत होती, १८७० साली तिथल्या सरकारनं सरदार घराण्यांना ती बंद करायला लावली. तेव्हा फोटोतल्या बाईचा चेहरा आजच्या डोळ्यांनी तपासू नका, ती त्या काळी गल्लीतली सगळ्यात सुंदर सून असेल.

आता रंगाचं, आणि हे नीट वाचा. १९२०-३० पर्यंतच्या फिल्मला लाल रंग दिसतच नव्हता. म्हणजे लाल कुंकू काळं येतं, लाल लुगडं काळं येतं, निळं काही असेल ते पांढरं पडतं आणि आपला गव्हाळ रंग आहे त्यापेक्षा काळा येतो. पुढं सगळे रंग टिपणारी फिल्म आली, तरी छोट्या स्टुडिओत जुना माल बरीच वर्षं चालला. म्हणून त्या काळच्या फोटोत काळं लुगडं दिसलं की लगेच चंद्रकळा म्हणू नका, आणि पणजी काळी होती असंही ठरवू नका. फोटोग्राफर मग काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिल चालवून चेहरा उजळायचे, सुरकुत्या घालवायचे. चेहरा गुळगुळीत आणि हात मात्र रापलेले असतील तर ती पेन्सिल आहे. गोरेपणाचं वेड काही कुठल्या एका क्रीमनं आणलेलं नाही, फेअर अँड लव्हली आलं १९७५ साली आणि २०२० साली त्याच्या नावातनं गोरेपणा गेला, पण लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी, सडपातळ' अजून छापून येतंयच.

आजही फोटो असेच उजळून देतात हे मला कसं कळलं तर महागात पडून. पणजीचा तो फोटो मी एका दुकानात रिपेअरला दिला होता, कोपरा फाटला होता तेवढा जोडून द्या म्हटलं. आठ दिवसांनी दुरुस्त केलेली नवी प्रत आली. कोपरा जोडलेला, आणि पणजी गोरी. गाल गुलाबी, ओठ रंगवलेले, आणि कपाळावरचं गोंदण गायब, हनुवटीवरचा ठिपका पण गायब. तो पोरगा म्हणाला ताई डाग होते ते काढून टाकले, छान दिसतंय की. त्यानं मनापासनं केलं होतं, मला त्याला काही बोलता येईना. घरी आईनं बघितलं आणि म्हणाली ही कोण? म्हणून सांगते, रिपेअरला मूळ फोटो देऊ नका, स्कॅन द्या, ६०० डीपीआयवर केलेला, आणि कागदावर लिहून द्या की रंग उजळायचा नाही, गोंदण, तीळ, देवीचे वण काढायचे नाहीत. फोनमधली रंग भरणारी अॅप पण तेच करतात, वापरायची हौस असेल तर वापरा पण मूळ स्कॅन वेगळ्या नावानं आधी ठेवा.

मोठ्या माणसांना विचारायची पण पद्धत आहे. 'हा कधीचा फोटो' असं विचारलं की त्या म्हणतात काय की बाई, आठवत नाही. 'हे लुगडं कुठनं घेतलेलं' विचारा. मग महाद्वार रोडवरचं दुकान निघतं, किती रुपये, कोण बरोबर होतं, कुणी रुसलं, आणि त्यातनं साल आपोआप येतं, थोरल्याच्या बारशाचं, पुराच्या वर्षीचं, बाई कुठलंही साल लेकरांवरनं सांगते. दुपारी जेवणं झाल्यावर विचारा, फोन शेजारी ठेवून रेकॉर्ड करा, त्यांना आधी सांगून. आणि फोटो एका वेळी दोन-तीनच दाखवा, जास्त दाखवले की थकतात.

पडताळून बघायला न्यू पॅलेसचं म्युझियम आणि टाऊन हॉल म्युझियम आहे, जुने फोटो आणि चित्रं बघून डोळा तयार होतो. आणि १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा सिनेमा जरूर बघा, प्रभात फिल्म कंपनीनं तो कोल्हापुरातच काढला, पुण्याला जायच्या आधी, फक्त ते पौराणिक कपडे आहेत हे ध्यानात ठेवून.

पणजीचा मूळ फोटो मी परत आणला, फाटका कोपरा होता तसाच. मागं पेन्सिलनं लिहिलंय: पणजी, अंदाजे १९३५, लुगडं बहुतेक लाल, गळ्यात उलट्या माशाचा साज, कपाळावर गोंदणाचे तीन ठिपके, हनुवटीवर एक.